पुस्तकातला डाव आणि बाबांचा डाव

बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर सगळं काही विचार करून खेळतं असं नाही. डावाच्या सुरुवातीला ते 'ओपनिंग बुक' उघडतं आणि शेवटी 'टेबलबेस'. दोन्ही ठिकाणी नुसतं पाठांतर! खरा विचार काय तो मधल्या डावात. पण या पाठांतरापायी एखाद्याची झोप उडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाबा ७८ वर्षांचे. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरशी एक डाव ठरलेला. मध्यंतरी त्यांनी खेळणं एकदम बंद केलं. आई फोनवर हळूच म्हणाली, "त्यांना वाटतंय, आपलं डोकं चालेनासं झालंय." बाबांचे थोरले भाऊ शेवटची दोन वर्षं घरच्यांनाही ओळखत नव्हते. त्यामुळे ही भीती कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

शनिवारी गेलो आणि खोदून खोदून विचारलं. तक्रारी दोन होत्या. "रोज कालचाच डाव खेळतोय असं वाटतं रे." आणि "शेवटी मी एका प्याद्याने पुढे असतो, तरी मध्येच पडद्यावर 'बरोबरी' येतं आणि डाव संपतो. मला काय दिसत नाहीये?"

मग सेटिंग्ज उघडली. स्टॉकफिश हे इंजिन स्वतःचं बुक बाळगत नाही; ते पुरवतो पटाची खिडकी दाखवणारा प्रोग्राम. पॉलीग्लॉट पद्धतीच्या बुकात प्रत्येक खेळीला एक वजन दिलेलं असतं. इथे 'नेहमी सर्वात वजनदार खेळी' यावर टिक होती. बाबा रोज राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवणार, कॉम्प्युटर रोज सिसिलियन खेळणार, आणि पहिल्या दहा-बारा खेळ्या अगदी त्याच! म्हणजे डाव खरोखरच कालचा होता. बाबांची स्मरणशक्ती ठणठणीत होती, म्हणूनच तर त्यांना ते कळलं. टिक काढली, वजनानुसार आलटून-पालटून खेळी निवडायला सांगितली आणि बुक आठव्या खेळीला बंद होईल असं केलं.

आता टेबलबेस. इंजिन सुरू होताना '१४५ फाइल्स सापडल्या' असं सांगत होतं. म्हणजे तीन ते पाच मोहऱ्यांचा (दोन्ही राजे धरून) सिझिजी संच पूर्ण होता आणि फोल्डरचा पत्ताही बरोबर होता. हा संच जेमतेम १ जीबीचा. सहा मोहऱ्यांचा सुमारे १५० जीबी होतो, आणि २०१८ साली पुरा झालेला सात मोहऱ्यांचा तर सुमारे १७ टीबी! हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती म्हणजे पाचच मोहरे, निकाल आधीच लिहिलेला. तो सापडला की डाव तिथेच संपवायचा, असा प्रोग्राममध्ये वेगळा पर्याय चालू होता. तो बंद केला.

बाबांना वॉल्टर ब्राउनची गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केन थॉम्पसनच्या टेबलबेसविरुद्ध हा ग्रँडमास्टर वजीर घेऊन हत्तीशी खेळला. डाव जिंकलेलाच होता, तरी पहिल्या वेळी ५० खेळ्यांत त्याला तो जिंकता आला नाही. निकाल लिहिलेला असला तरी खेळावं माणसालाच लागतं.

"टेबलबेस काढूनच टाकू का?" मी विचारलं.

"राहू दे. डाव झाल्यावर बघायला बरं. आधी नको."

काल रात्री त्यांचा फोन आला. हत्तीचा डाव, एक प्यादं जास्त, आणि झाली बरोबरीच. "पण चाळीस खेळ्या झुंजवलं त्याला," म्हणाले.