वटणारा शब्द

माझ्या कपाटातलं पंचवीस पानांचं चेकबुक आता दोन-दोन वर्षं संपत नाही. भाजी, रिक्षा, वीजबिल, औषधं, लग्नातला आहेर, सगळं फोनवरून जातं आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. तरीही ‘चेक आता बंदच करून टाका’ असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. नोटाबंदीनंतर वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सरकार चेकबुकं मागे घेणार अशी हूल उठली होती. अर्थखात्याला तसा काही प्रस्ताव नाही असा खुलासा करावा लागला. बातमी खोटी ठरली, पण तिच्यामागचा विचार गेलेला नाही. फोनवर दोन सेकंदांत पैसे जात असताना कागदावर अक्षरी रुपये लिहून, सही ठोकून बँकेच्या पेटीत टाकायचं कशासाठी, असा तो विचार. प्रश्न रास्त आहे. मात्र चेकचं काम फक्त पैसे पोचवणं एवढंच आहे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

आधी आकडे पाहू. २०१६-१७ मध्ये देशात १२० कोटींच्या आसपास चेक वटण्यासाठी आले होते. २०२३-२४ मध्ये ते ६६ कोटींवर आले, म्हणजे जवळपास निम्मे झाले. रक्कम मात्र साधारण ८१ लाख कोटींवरून ७२ लाख कोटींवर आली, फार तर नववा हिस्सा घटला. त्याच २०२३-२४ मध्ये यूपीआयवर १३ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले, त्यांची बेरीज सुमारे २०० लाख कोटी. भागाकार केला की चित्र स्पष्ट होतं. यूपीआयचा सरासरी व्यवहार दीड हजाराचा, चेक सरासरी लाखाच्या वरचा. लहान रकमांनी चेकची वाट कधीच सोडली आणि त्यासाठी कुणाला हुकूम काढावा लागला नाही. जे चेक उरले आहेत ते सवयीपोटी उरलेले नाहीत. लाखभर रुपये एनईएफटीने २०१९ च्या डिसेंबरपासून रात्री-बेरात्रीही पाठवता येतात, आरटीजीएस पुढच्या वर्षापासून चोवीस तास चालतं. एवढी सोय हाताशी असताना माणसं चेक लिहितात, तर त्यांना चेकमधून आणखी काहीतरी मिळत असलं पाहिजे. शिवाय ‘कागद’ हा आरोपही आता अर्धाच खरा आहे. मुंबईत २०१३ पासून चेक या बँकेतून त्या बँकेत फिरत नाही. त्याचं चित्र जातं आणि कागद भरणा घेणाऱ्या बँकेत पडून राहतो.

ते आणखी काहीतरी म्हणजे शब्द. यूपीआयने पैसे गेले की गेले, ती घडून गेलेली गोष्ट असते. चेक हा पुढे घडायच्या गोष्टीबद्दल दिलेला शब्द असतो, आणि त्यामागे कायदा उभा असतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चा, पण त्याला दात आले १ एप्रिल १९८९ पासून, कलम १३८ लागू झालं तेव्हा. देणं लागत असलेल्या रकमेचा चेक पुरेशा शिलकीअभावी परत गेला, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर आज दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घाऊक व्यापारी किरकोळ दुकानदाराला साठ दिवसांच्या उधारीवर माल देतो आणि पुढच्या तारखेचा चेक घेऊन ठेवतो, तो या कलमाच्या भरवशावर. घरमालक भाडेकरूकडून करारासोबत पुढच्या महिन्यांचे चेक घेतो, तेही त्यासाठीच. ‘महिन्याच्या महिन्याला जीपे करतो’ हे वाक्य कितीही मनापासून म्हटलेलं असलं, तरी ते घेऊन कोर्टात उभं राहता येत नाही.

यावर जाणकार उत्तर देतात की खात्यातून ठरल्या तारखेला आपोआप पैसे वळते करण्याची सोय आहेच, आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार तीही शिलकीअभावी फसली तर शिक्षा चेकसारखीच आहे. खरं आहे. गृहकर्जाचे छत्तीस-छत्तीस चेक सही करून द्यायची पद्धत त्यामुळेच मागे पडली आणि ते बरंच झालं. पण असा मँडेट, म्हणजे पैसे वळते करण्याची आगाऊ परवानगी, घेणारा असतो कोण? बँक, वित्त कंपनी, विमा कंपनी, म्युच्युअल फंड. सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याने गावातल्या दुकानदाराकडून किंवा डोंबिवलीच्या घरमालकाने भाडेकरूकडून तसा मँडेट घ्यायचा म्हटला, तर त्यांच्यासाठी ते दार व्यवहारात बंदच असतं. मोठ्या संस्थेला डिजिटल शब्द घेता येतो, साध्या माणसाला अजून चेकच घ्यावा लागतो.

चेकविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप गैरवापराचा आहे आणि तो मला झटकून टाकता येत नाही. अडलेल्या माणसाकडून सही केलेला कोरा चेक घ्यायचा, व्याजावर व्याज चढवून मनाला येईल तो आकडा भरायचा आणि कलम १३८ ची भीती घालायची, हा सावकारीचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. स्वखुशीने दिलेल्या सहीच्या चेकवर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग खटल्यात स्पष्ट केलं. ते गृहीतक खोडून काढण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो, आणि वकील लावायची ऐपत नसते ती नेमकी त्याचीच. खटल्यांचा ढीग तर असा की २०१९ अखेर देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांहून अधिक एकट्या चेक न वटल्याचे होते. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. पण या रोगावर चेकबुक काढून घेणं हा इलाज आहे का? जो सावकार कोरा चेक मागतो तो उद्या एटीएम कार्ड आणि पिन मागेल, मागतोही. बंदी हवी ती तारण म्हणून कोरा चेक घेण्यावर. रक्कम आणि तारीख दोन्ही सहीच्या वेळीच लिहिलेली असली तरच १३८ लागू होईल, एवढा बदल केला तरी धंद्याची नांगी मोडेल.

दुसरी गोष्ट जोडसहीची. गृहनिर्माण सोसायटीच्या खात्यावर सचिवाची आणि त्याच्या जोडीने अध्यक्षाची किंवा खजिनदाराची सही लागते. मंडळं, ट्रस्ट, ग्रंथालयं, भजनी मंडळंसुद्धा तशीच चालतात. त्या दोन सह्यांच्या मध्ये कुणीतरी ‘हे बिल कशाचं?’ असं विचारतो, काउंटरफॉईलवर टीप राहते आणि मार्चअखेरीला लेखापरीक्षक तीच चाळतो. (आपल्याकडच्या निम्म्या संस्थांची लोकशाही त्या एका प्रश्नात असते, असं माझं मत आहे.) हे ऑनलाइन होत नाही असं नाही. ग्रामपंचायती वित्त आयोगाचा निधी सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्यांनी खर्च करतातच. नेटबँकिंगमध्ये एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी सोयही असते. पण दोन्ही डोंगल किंवा दोन्ही पासवर्ड सोयीसाठी एकाच हातात गेले की जोडसही नावापुरती उरते. आधीच सही करून ठेवलेल्या चेकबुकाचंही तेच होतं, हे मान्य. फरक एवढाच की कोऱ्या चेकवरची सही डोळ्यांना दिसते आणि खटकते.

वयस्कांचा मुद्दा नेहमी काढला जातो आणि नेहमी थोडा कनवाळूपणे. पंच्याहत्तरीच्या बायका व्हॉट्सॲपवर पटाईत असतात, त्यांना शिकवायची गरज नाही. त्यांना भीती वाटते ती एका चुकीच्या बटणाची, आणि खोट्या पोलिसांच्या ‘डिजिटल अटके’च्या फोनच्या काळात ती भीती शहाणपणाची आहे. चेक मराठीत लिहिता येतो, अंध खातेदारालाही तो नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बजावलेलं आहे. तो थांबवायलाही थोडा वेळ मिळतो. हा वेळ मात्र आटतो आहे, हे कबूल करायला हवं. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटतो. ‘उद्या पैसे जमा होतील, आज चेक देऊन टाकू’ हा जुना हिशेब आता चालत नाही. म्हणजे संथपणा हा चेकचा दोषही राहिला नाही आणि गुणही.

तारीख ठरवून चेक बंद करण्याचा प्रयोग दुसरीकडे झालेलाही आहे. ब्रिटनमध्ये २००९ च्या डिसेंबरात तिथल्या पेमेंट्स कौन्सिलने चेकसाठी शेवटची तारीख ठरवली, ऑक्टोबर २०१८. ज्येष्ठांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या बाजूने ओरड झाली, संसदीय समितीने कान उपटले आणि २०११ च्या जुलैत ती तारीख मागे घ्यावी लागली. पर्याय तयार व्हायच्या आधी कॅलेंडर छापलं गेलं, ही चूक होती. फिनलंड, डेन्मार्क, न्यूझीलंड यांनी चेक बंद केले ते जवळजवळ कुणी वापरेनासं झाल्यावर. आपल्याकडे २०२३-२४ मध्येही दिवसाला सरासरी अठरा लाख चेक येत होते.

पर्याय कसा असावा याचा एक नमुना आपल्याच शेअर बाजारात आहे. पूर्वी आयपीओच्या अर्जासोबत चेक जोडावा लागे आणि वाटप होईपर्यंत पैसे अडकून राहत. २०१६ पासून ते सर्वांसाठी संपलं. रक्कम आपल्याच खात्यात राखून ठेवली जाते आणि शेअर मिळाले तरच वळती होते. चेक तिथून गेला, कारण त्याच्या शब्दाला तोडीस तोड गोष्ट उभी राहिली. घरभाड्याच्या अनामतीला, हॉल बुकिंगला, रिक्षाच्या डाउन पेमेंटला हीच रीत लावता येईल आणि लावावी. दुकानदाराच्या साठ दिवसांच्या उधारीला मात्र ती पुरत नाही. त्याच्या खात्यात आज राखून ठेवायला पैसे असते, तर त्याने उधारी मागितलीच नसती.