माप एकच लाव

प्रिय दादा,


वहिनींची साखर त्या महाराजांच्या अंगाऱ्याने उतरली, असं परवा फोनवर म्हणालास. मी काही विचारायच्या आत, "श्रद्धेत तर्क चालवायचा नसतो," असंही सांगून टाकलंस. घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसलो, पण विषय मनातून जाईना.

तर्क तुला शिकवायला मी कोण! आयुष्यभर बँकेत कर्जखातं सांभाळलंस. अर्जदार ओळखीचा असला तरी सात-बारा, सर्च रिपोर्ट, जामीनदार तपासल्याशिवाय सही केली नाहीस. आणि खरं सांगू? श्रद्धेतही तू तर्क चालवतोस. फक्त दुसऱ्यांच्या.

ऑगस्ट २००६ आठव. माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून नेत होते, कुणी तिथल्या दर्ग्यातल्या मखदूमबाबांची कृपा म्हणत होतं. तू लगेच म्हणालास, पावसाळ्यात मिठी नदी तिथेच येऊन मिळते, गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर राहणारच. आणि ती घाण पोराबाळांना कसली पाजताय! पुढे मार्च २०१२ मध्ये इर्ल्याच्या वेलंकणी चर्चपाशी क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं, तर तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीत झिरपून वर चढत होतं. ती बातमी तू आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलीस. भावना दुखावल्याच्या तक्रारी होऊन त्यांना फिनलंड गाठावं लागलं, तेव्हा हळहळलासही.

आणि २१ सप्टेंबर १९९५? गणपती दूध प्यायला त्या दिवशी तू देवळाच्या रांगेत होतास. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणाने दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर तो दिसत नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा ओघळ उघड दिसला. मीही आपल्या देवघरातल्या पितळी कासवाला चमचाभर दूध पाजलं. पोटाखालच्या ताटलीत ते साचलेलं तू स्वतः पाहिलंस. तरी म्हणालास, "कासवाचं वेगळं, देवाचं वेगळं."

दादा, तिन्ही ठिकाणी पाणी काय, दूध काय, आपल्या स्वभावाप्रमाणेच वागलं. बदललं ते एवढंच, की देव दुसऱ्याचा होता की आपला. माहीमच्या माणसाने "आमच्या बाबांचं वेगळं" म्हटलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस?

मी तुझी वारी खोटी म्हणत नाही. ती चमत्कारावर उभी आहे असं मला कधी वाटलंच नाही. तुकोबांची बुडवलेली गाथा इंद्रायणीने वर आणून दिली असं तू मानतोस. मला वाटतं, अभंग लोकांच्या तोंडी होते, संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले होते, म्हणून ते उरले. आणि हे मला जास्त थोर वाटतं. गाडगेबाबा तर भर कीर्तनात नवसाला बकरं कापणाऱ्यांना प्रश्न विचारत आणि त्याच कीर्तनात नामाचा गजर करत. त्यांना भक्त नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

पण जीव अडकलाय तो वहिनींपाशी. अंगारा सुरू झाला त्याच महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली होती, वहिनींनी भात कमी केला होता, संध्याकाळी चालायला लागल्या होत्या. मग श्रेय अंगाऱ्याच्या खात्यावर कुठल्या कागदाच्या आधारे टाकलंस? आता महाराज गोळ्या हळूहळू सोडा म्हणतात म्हणे. हेच दुसऱ्या धर्माच्या एखाद्या बाबाने सांगितलं असतं तर तू त्याला दारातही उभं केलं नसतंस.

अंगारा लावायचा तर लावू देत, पण गोळी एकही चुकवायची नाही, असं त्यांना माझ्यातर्फे सांग. तीन महिन्यांची सरासरी साखर कळते ती तपासणी याच आठवड्यात करून घे आणि रिपोर्ट मला पाठव. रविवारी मी येतोय. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, आपण तिघं मिळून जाऊ.

तुझा धाकटा भाऊ