चाकांवरचं घर घेऊन खानदेशात

मैत्रिणींनो, परदेशातल्या मुलांनी काही पाठवलं की ते चारचौघींना दाखवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. माझंही तसंच झालं. माझी लेक आणि जावई लास व्हेगासहून एक गाडी भाड्याने घेऊन फिरायला निघाले होते, त्याचा व्हिडिओ तिने पाठवला. गाडी कसली, घरच ते! आत पलंग, छोटासा ओटा, त्याखाली फ्रीज, पाण्याची टाकी आणि पडद्याआड संडाससुद्धा. आधी युटाचं लालभडक वाळवंट, मग मॉन्युमेंट व्हॅली, तिथून न्यू मेक्सिको आणि शेवटी कोलोरॅडोचे बर्फाचे डोंगर. दहा रात्री ती दोघं त्या चाकांवरच्या घरात झोपली.

शेजारच्या वहिनींनी सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फिरायला जाऊनही ओटा काही सुटला नाही म्हणा!" आम्ही सगळ्या हसलो. पण हे वाक्य मला पुढे फार आठवायचं होतं.

लेक म्हणाली, "आई, तू ये, तुलाही नेते." पण व्हिसा, तिकीट आणि माझे गुडघे यांची बेरीज काही जमेना. मग मनात आलं, आपल्या दाराशी सातपुडा उभा आहे, तापी वाहते आहे, आणि लग्न होऊन जळगावात आल्यापासून ३४ वर्षांत आपण तोरणमाळ पाहिलेलं नाही. लग्नाच्या वर्षी हे म्हणाले होते, "पुढच्या हिवाळ्यात नक्की जाऊ." त्यानंतर ३४ हिवाळे गेले. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलांच्या परीक्षा, मग ह्यांच्या बदल्या. आता हे निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, आता कोणतं कारण सांगता ते बघू!

पुतण्याकडे मालवाहू व्हॅन आहे. पुढे दोन सीट, मागे सगळी मोकळी जागा. त्याने त्यात प्लायवूडची फळी बसवून दिली. फळीखाली सामानाची खोकी, वर कापसाची गादी. मागच्या दाराला आणि पुढच्या खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड लावलं. २० लिटरचे पाण्याचे दोन जार, बादली, दोरी, टॉर्च, आणि हो, पाच किलोचा गॅस सिलिंडर आणि शेगडी. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली अशा राहत्या गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केलं. एसी आणि सोफा असलेल्या गाड्या भाड्याने मिळतातही. पण त्यांचं भाडं ऐकून हे म्हणाले, "आपली पत्र्याचीच बरी."

मार्गशीर्षात निघालो. हे मुद्दाम सांगते, कारण जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांत पत्र्याच्या गाडीत झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. दिवाळीनंतर ते माघापर्यंत, एवढेच दिवस या प्रवासाचे.

पहिला मुक्काम चांगदेवला. भुसावळ मागे टाकून मुक्ताईनगरकडे जाताना तापी आणि पूर्णेच्या काठच्या घळी दिसतात. मऊ पिवळी माती पावसाने चिरत नेलेली, खोल, वेड्यावाकड्या. लेकीच्या व्हिडिओत असल्या जागा बघून आपण "अय्या!" म्हणतो आणि इथून एसटीने जाताना मात्र डुलकी काढतो. संगमावर चांगदेवाचं दगडी, कोरीव देऊळ आहे. खाली हतनूर धरणाचं पाणी आरशासारखं पसरलेलं आणि त्यावर हिवाळ्यात दुरून आलेले पाहुणे पक्षी. चांगदेव वाघावर बसून ज्ञानदेवांना भेटायला निघाले आणि ही चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या थोर योग्याची गुरू झाली ती वयाने एवढीशी मुक्ताबाई, आणि तिचं अखेरचं ठिकाणही जवळच, तापीकाठी, हे तिथे उभं राहिल्यावर वेगळंच जाणवतं.

संध्याकाळ इतकी सुंदर होती म्हणता! आणि मी काय करत होते? गाडीमागे उकिडवी बसून मुगाची खिचडी ढवळत होते. हे संगमावर उभे राहून फोटो काढत होते. "अगं, बघ तरी, सूर्य कसा बुडतोय!" असं तिथूनच ओरडत होते. मी उठून जाईपर्यंत सूर्य बुडाला होता. नंतर दोन जार पाण्यात भांडी घासायची म्हणजे काय दिव्य, ते तुम्हाला सांगायला नको. रात्री देवळाजवळच्या वस्तीतल्या एकांच्या अंगणात गाडी लावली. आडरानात मुक्काम करायचा नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. ओळखीच्यांचं अंगण, देवस्थानचं आवार, नाहीतर रात्रभर उजेड असलेला पेट्रोलपंप. तुम्हीही हेच करा.

दुसऱ्या दिवशी सावदा, फैजपूर. दोन्ही बाजूंना केळी, केळी आणि केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी आपल्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं, आणि मला विचाराल तर वांग्याचा मान मोठा. केळीच्या त्या गर्द हिरव्या पट्ट्यातून सातपुडा एकदम समोर उभा राहतो. मग पालला गेलो. जंगल, थंडी, शांतता. पिठलं मीच केलं. पालबद्दल याहून अधिक मला आठवत नाही, यातच काय ते समजा.

आता तुमच्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी ठरलेले तळ असतात, तिथे नळ असतो, विजेची जोडणी असते, संडासाची टाकी रिकामी करायचीही सोय असते. आपल्याकडे ते नाही. मी औषधांच्या दुकानातून आजारी माणसासाठी मिळते ती घडीची कमोडची खुर्ची आणि लेकीच्या सांगण्यावरून कपडे बदलण्याचा उभा छोटा तंबू घेतला होता. ह्यांनी आधी थट्टा केली. पहिल्याच पहाटे सर्वांत आधी तंबूत शिरले ते हेच! दिवसा महामार्गावरच्या पंपांवर सोय होते. पाणी कमी प्यायचं, हा आपला बायकांचा जुना उपाय मात्र करू नका. मी पूर्वी एका लग्नाच्या प्रवासात तो केला होता आणि पुढे आठ दिवस जळजळीने हैराण झाले होते. आणखी एक, स्वयंपाक बंद गाडीत कधीच करू नका. थंडी वाजते म्हणून दारं लावून शेगडी पेटवली तर आतली हवा विषारी होते आणि झोपेत कळतही नाही.

तिसऱ्या दिवशी यावलवरून अडावदजवळच्या उनपदेवला पोचलो. तिथे दगडी गोमुखातून बारा महिने गरम पाण्याची धार पडते. रामाने शरभंग ऋषींसाठी बाण मारून हे पाणी काढलं असं सांगतात. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापलेलं पाणी खडकाच्या फटींतून वर येतं, असं जाणकार सांगतात. कोणतंही माना. दोन दिवसांच्या धुळीनंतर त्या पाण्याने हातपाय शेकले तेव्हा माझ्या गुडघ्यांनी दोघांनाही हात जोडले.

तिथेच दगडावर कपडे वाळवत एक म्हातारी बसली होती. आमच्या गाडीचं मागचं दार उघडं होतं. तिने वाकून आत बघितलं. "हाई घर शे का गाडी?" मी हसून म्हटलं, "दोन्ही." तिची नजर गादीवरून शेगडीवर गेली आणि तिथेच थांबली. "घर सोडीसन वनी, नि चुल्हा संगे लई वनी?" एवढंच बोलून ती पुन्हा कपड्यांकडे वळली.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला हसू नाही आलं. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. ३४ वर्षांनी उंबऱ्याबाहेर पडले आणि उंबरा गाडीत घालून घेऊन आले की काय? गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "इथून पुढे मी शेगडी पेटवणार नाही." हे म्हणाले, "बरं." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पण बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर?" मी म्हटलं, "बिघडू दे." इतका कडक सूर मी स्वतःच पहिल्यांदा ऐकला.

चोपड्यावरून शिरपूरला गेलो. तिथे माझी मोठी नणंद असते. रात्री तिच्या अंगणात गाडी लावली, पण तिने काही गाडीत झोपू दिलं नाही. गरम गरम वरण-बट्टी आणि वर तुपाची धार! सकाळी निघताना मी शेगडी आणि सिलिंडर तिच्या ओसरीत ठेवलं. "ताई, हे राहू दे तुमच्याकडे." ताईंनी माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि काही न विचारता आत नेऊन ठेवलं. चाळीस वर्षं संसार केलेली बाई ती, तिला काय सांगायचं!

शहादा गेलं की राणीपूरपासून जंगल दाट होतं. आधी धुळे जिल्ह्यात असलेला हा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. सात पायरीचा घाट चढताना वळणावळणाला मी देवाचं नाव घेत होते. वर पोचलं की मात्र सारं विसरायला होतं. सुमारे ११५० मीटर उंचीवरचं पठार, मधोमध यशवंत तलाव, काठाला झाडी. गोरखनाथाच्या मंदिराशी महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. सीताखाईच्या कड्यावरून खाली बघितलं आणि लेकीने दाखवलेल्या त्या अजस्र दऱ्यांची आठवण झाली. आपली दरी लहान आहे हे खरं, पण समोरच्या कड्याशी बोललं तर ती उत्तर देते.

रात्री थंडी अशी की दोन रजयांत दात वाजत होते. पहाटे पाचला जाग आली आणि पहिला विचार आला तो शेगडीचा! कबूल करते. त्या क्षणी कोणी आल्याचा चहा दिला असता तर मी माझा सगळा बाणेदारपणा विकला असता. एवढ्यात पुढचं दार उघडल्याचा आवाज झाला. हे मफलर गुंडाळून थर्मास घेऊन कुठेतरी निघाले होते. अर्ध्या तासाने परत आले. एका घरी चूल पेटलेली दिसली, तिथे विनंती करून चहा करून आणला होता. काळा, गुळाचा, धुराचा वास असलेला. तलावावर वाफ उठत होती. आम्ही मागच्या दारात पाय सोडून बसलो आणि तो चहा प्यायलो. ३४ वर्षांत ह्यांनी मला आयता दिलेला हा पहिला चहा, असं म्हणणार होते, पण बाळंतपणात एकदा दिला होता हे आठवलं.

उतरून दोंडाईच्यावरून धुळ्याकडे निघालो आणि मला हवी होती ती गोष्ट समोर आली. लेकीने न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकचे फोटो पाठवले होते. सपाट रानात एकदम सुमारे ४८० मीटर उंच उठलेला काळा सुळका आणि त्यापासून निघून दूरवर गेलेल्या काळ्या दगडी भिंती. तिथल्या नावाहो लोकांच्या भाषेत त्याला पंखांचा खडक म्हणतात. त्यांना तो पवित्र, म्हणून त्यावर चढायला बंदी. "आई, निसर्गाने बांधलेली भिंत पाहिलीस का कधी?" तिने विचारलं होतं.

अगं, पाहिली होती, पण लक्ष कुठे दिलं होतं! धुळे-नंदुरबारच्या माळावर अशा भिंती कितीतरी आहेत. जमीन चिरून तप्त रस वर आला, फटीतच थिजला. पुढे बाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि कठीण भाग भिंतीसारखा उभा राहिला. काही भिंती मैलोन्‌मैल सरळ जातात. शिपरॉक सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा, आपला हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपलीच भिंत म्हातारी, दुपटीहून अधिक! गाडी थांबवून मी तिला फोटो पाठवला. हे म्हणाले, "मुक्ताईसारखी बसून बघ, चालते का." मी बसले. चालली नाही. पण माळावरचा वारा, खाली बाभळी, लांबवर मेंढरं, आणि घड्याळ बघायची गरज नाही. अर्धा तास तशीच बसले होते.

धुळ्यात पाचवी रात्र सरळ लॉजवर काढली, गरम पाण्याच्या नळाखाली. सकाळी राजवाडे संशोधन मंडळात गेलो. इतिहासाचार्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १९२७ साली, त्यांचे कागद सांभाळण्यासाठी धुळेकरांनी ते काढलं. याच गावच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे शाळेत शिकलो होतो. तुरुंगाच्या भिंतीवरून गाडी गेली तेव्हा दोघंही आपोआप गप्प झालो. लळिंगचा किल्ला महामार्गावरून बघितला. गुडघ्यांनी नकार दिला, मी त्यांचं ऐकलं.

जळगावात शिरता शिरता लेकीचा फोन. "आई, ती भिंत खरंच धुळ्याची? मी शाळेत असताना का नाही दाखवलीस?" आता याला काय उत्तर देणार! हे मात्र पलीकडून ओरडले, "तेव्हा तुझी आई स्वयंपाक करत होती!"

परवा शिरपूरहून ताईंचा फोन आला होता, शेगडी कधी नेता म्हणून. ह्यांनीच घेतला. म्हणाले, "राहू दे ताई, आम्ही माघात पुन्हा निघतोय. पाटणादेवीला."