डोळ्यांसमोरचे विषय

भाईंदर पूर्वेला, आमच्या केबिन रोडवर कॉमर्स घेणाऱ्या मुलांना अकरावीला दोन ठिकाणी अडायला होतं: गणित घ्यायचं की सेक्रेटरियल प्रॅक्टिस (एसपी), आणि दुसरी भाषा घ्यायची की आयटी. आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या प्रश्नावर चर्चाच होत नसे. स्टेशनवरून घरी येईपर्यंत संगणक क्लासच्या पाट्या दिसत. शेजारच्या ताईचं एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं होतं. मीही मराठीच्या जागी आयटी घेतलं. बारावीला त्या एका विषयाचा पेपर संगणकावर द्यायचा, याचं घरी सगळ्यांना अप्रूप होतं. जावास्क्रिप्टमध्ये एक कंस राहिला तरी प्रोग्राम चालत नसे; तो कंस सापडेपर्यंत ओळ न् ओळ तपासायची चिकाटी मला त्या लॅबनं दिली.

वकिलीचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नव्हतं. वडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करत. वकील आमच्या माहितीचा तो फक्त भाडेकरार करून देणारा. कोर्ट ठाण्याला, तिथे गेलेला माणूस दिवसाचा रोज बुडवून नुसती पुढची तारीख घेऊन यायचा. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो, त्याला कोणतीही शाखा चालते, खुल्या गटाला 45 टक्के गुण आणि सीईटी लागते, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. आमची लोकल जिथे संपते त्या चर्चगेटजवळच 1855 साली सुरू झालेलं शासकीय विधी महाविद्यालय आहे. 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. बाबासाहेबांची तसबीर आमच्या घरात होती. त्यांचं कॉलेज आपल्याच गाडीच्या शेवटच्या स्टेशनवर आहे, हे ठाऊक नव्हतं.

खरं तर कायदा आमच्या कपाटात होता. फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटची फाइल वडील कपड्यांच्या खाली जपून ठेवत. सोसायटीची नोंदणी झाली, पण जमीन बिल्डरच्याच नावावर राहिली. सभेत नोटीस वाचायला कुणीतरी लागायचं आणि वडील माझ्याकडे बोट दाखवायचे. तिथे मला फ्लॅटच्या मालकीचा 1963 चा मोफा कायदा भेटला. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची, आणि त्यानं टाळलं तर 2008 च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरविनाही ते नावावर करून घेण्याचा, मार्ग आहे, हे कळलं तेव्हा मला फार बळ आलं. वडिलांनी आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेल्या घराच्या बाजूनं कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. बीकॉम झाल्यावर मी तीन वर्षांच्या एलएलबीला गेले.

आज वकील म्हणून माझ्या टेबलावर आयटी आणि कायदा हे दोन्ही विषय एकत्र येतात. फसवणुकीच्या तक्रारीत व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश असतात, भांडणात सीसीटीव्हीचं चित्रण. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं. फाइलमध्ये जरा जरी फेरफार झाला तरी ते मूल्य बदलतं. पक्षकाराला हे समजावते ती भाषा मराठी. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 च्या अधिसूचनेनं मराठी केली आहे. अकरावीला सोडलेला विषय मी घरी, आईच्या बोलण्यातून आणि रोजच्या पेपरातून शिकत राहिले.

पंधरा-सोळा वर्षांचं मूल जे दिसतं तेच निवडतं. त्याला बुद्धी कमी नसते, नजरेच्या टप्प्यात माणसं कमी असतात. 2025 मध्ये मीरा रोडला न्यायालय सुरू झालं तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद याचाच झाला: आमच्या भागातल्या मुलांना आता काळा कोट रोज रस्त्यावर दिसेल.

दहावीच्या निकालानंतर मुलं घरी येतात, ‘ताई, आयटी घेऊ का? लॉ जमेल का?’ विचारतात. मी त्यांना सांगते, कॉलेजच्या लॅबमध्ये शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या शेजारी तासभर बस, आणि एक सकाळ कोर्टात मागच्या बाकावर बस. बहुतेक खटल्यांची सुनावणी कुणालाही ऐकता येते, तिकीट लागत नाही. त्यानंतर फॉर्म भर. आयटी घेतलंस तरी कायद्याचं दार उघडंच राहतं, पण ते दार कुठे आहे हे आधी पाहून ये.