वाहिलेली, वाहून घेतलेली

अनुवादविचारात नामांविषयी आणि क्रियापदांविषयी पुष्कळ लिहिले जाते. विशेषणाकडे मात्र आपण बहुधा अलंकरणाचे साधन म्हणून पाहतो, आणि कोशात जवळचा पर्याय सापडला की पुढे सरकतो. निष्ठा, भक्ती, समर्पण ह्या अर्थक्षेत्रातील विशेषणांच्या बाबतीत ही सवय घातक ठरते. ही विशेषणे वरवर व्यक्तीचा गुण सांगतात. त्यांच्या पोटात मात्र दोन पक्षांमधला एक व्यवहार दडलेला असतो. कोणी, कोणाला, काय दिले, हे त्या व्यवहाराचे स्वरूप. ते प्रत्येक भाषा आपापल्या रीतीने उघड करते किंवा झाकून ठेवते.

ह्या प्रश्नाकडे मी वळलो तो घरगुती निमित्ताने. आमची आत्या तरुणपणी गिरीजहून धर्मभगिनी होण्यासाठी गेली आणि पुढे दक्षिण अमेरिकेतील एका स्पॅनिशभाषक देशात रुग्णसेवेत तिने हयात काढली. तिच्या निधनानंतर मठातील भगिनींनी कळवले, की समाधीच्या दगडावर नाव, जन्ममृत्यूची साले आणि एक विशेषण कोरण्याचा त्यांचा प्रघात आहे. विशेषण घरच्यांनी सुचवावे. घरात स्पॅनिश जाणणारा मी एकटाच, त्यामुळे काम माझ्याकडे आले.

आपण स्पॅनिशकडे जातो ते इंग्रजीच्या वाटेने, आणि ह्या वाटेवर पहिला शब्द भेटतो ‘देवोता’. इंग्रजीत देवभक्त, पत्नीनिष्ठ नवरा आणि मायेने शुश्रूषा करणारी परिचारिका ह्या तिघांना एकच विशेषण चालते. स्पॅनिशमध्ये तसे चालत नाही. ‘देवोता’ला मागे ‘दे’ हे संबंधदर्शक अव्यय लागते आणि त्यानंतर प्रायः मारियामातेचे किंवा एखाद्या संताचे नाव येते. ही आपल्याकडची ‘भाविक’. मराठी कानाला ह्या शब्दात ‘देव’ ऐकू येतो, पण तो योगायोग आहे. मूळ लॅटिन शब्दात देव नाही, नवस आहे. गोव्याच्या कोंकणीने त्याच कुळातील पोर्तुगीज शब्दापासून ‘देवोसांव’ घडवला, तेव्हा ह्या कर्णमधुर योगायोगाचा थोडा उपयोग झाला असेल, असे मला उगाच वाटते. आत्या भाविक होतीच. परंतु भाविकपणासाठी गिरीज सोडण्याची गरज नव्हती.

‘आब्नेगादा’ हा शब्द मी फार काळ ठेवला नाही. तो आपल्या श्रद्धांजलीच्या रकान्यांतील ‘त्यागमूर्ती’चा सख्खा भाऊ आहे, आणि बाईचा त्याग एकदा मूर्तीत बसवला की बाईकडे पाहायचे कारण उरत नाही. ‘कोन्साग्रादा’ला शास्त्राचा आधार आहे, व्रतबद्ध जीवनासाठी चर्चची ती अधिकृत संज्ञा आहे. पण मठाच्या स्मशानात ती सगळ्यांनाच लागू.

‘कोम्प्रोमेतिदा’पाशी मात्र मी बराच रेंगाळलो, कारण मराठी समीक्षेच्या वाचकाला तो शब्द ओळखीचा वाटतो. सार्त्रच्या १९४७ सालच्या लेखनातून जी संकल्पना जगभर गेली, तिला स्पॅनिशने हा शब्द दिला आणि मराठीने ‘बांधिलकी’. दोन्ही भाषांतरे रूढ झाली. त्यांमागच्या प्रतिमा मात्र वेगळ्या आहेत. स्पॅनिश शब्दात परस्परांना दिलेले वचन आहे, म्हणून वाङ्निश्चय झालेल्या मुलीलाही ‘कोम्प्रोमेतिदा’ म्हणतात, आणि अडचणीत सापडलेल्या परिस्थितीलाही. मराठी शब्दात दावे आहे. बांधील लेखकाने स्वतःला बांधून घेतले की त्याला कोणी बांधले, हा आपल्याकडील वाद इतका लांबला त्याचे एक कारण शब्दाच्या घडणीत असावे. शिवाय ‘कोम्प्रोमेतिदा’ला ‘कोन’, म्हणजे ‘-शी’, लागते. ध्येयाशी, लढ्याशी. ज्वराने फणफणलेल्या माणसाचे अंग पुसण्याशी बांधिलकी असते, असे म्हणणे मला जड गेले.

उरला ‘एन्त्रेगादा’. ‘एन्त्रेगार’ म्हणजे हाती देणे, सोपवणे. त्याचे मूळ लॅटिन क्रियापद ‘पूर्ववत अखंड करणे’ अशा अर्थाचे. म्हणजे देण्याने काही तुटत नाही, पुरे होते. आज स्पॅनिशमध्ये टपालाचे पार्सल ह्याच शब्दाने पोचते होते आणि झोकून देऊन काम करणाऱ्या शिक्षिकेलाही हाच शब्द लावतात. पण स्पॅनिश बायबलमध्ये यहूदा येशूला शत्रूंच्या हाती देतो तोही ह्याच क्रियापदाने. मराठी बायबल तेथे ‘धरून देणे’ म्हणते आणि दोन्ही कृत्यांमध्ये भिंत उभी करते.

येथे वसईच्या माणसाला गोन्सालो गार्सिया आठवल्यावाचून राहत नाही. वसईत जन्मलेला, जेसुइटांबरोबर जपानात गेलेला, मग व्यापारी झालेला आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन बंधू म्हणून दाखल झालेला हा माणूस १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ताबरोबर दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याने स्वतःला दिले आणि त्याला मारेकऱ्यांच्या हातीही दिले गेले. स्पॅनिशमध्ये दोहोंसाठी एकच कृदन्त पुरते.

आत्याच्या बाबतीत हीच अडचण होती. आजी म्हणे, “आम्ही तिला देवाला दिली.” हे ती अभिमानाने सांगे. आत्या सुटीवर आली असताना हे ऐकले की शांतपणे म्हणे, “आई, मी गेले.” दोघींनी आपला शब्द कधी सोडला नाही. मराठीला हा भेद सहज पेलतो. वाडीतला मोगरा देवाला वाहतात, तेव्हा मोगऱ्याला कोणी विचारत नाही. तो वाहिलेला असतो. माणूस सेवेला वाहून घेतो, तेव्हा ‘घेणे’ ह्या सहाय्यक क्रियापदाने कर्तृत्व त्याच्याकडे येते, आणि कृदन्त झाल्यावरही ते टिकते : वाहून घेतलेली. स्पॅनिशमध्ये ही कामगिरी ‘से’ हे सर्वनाम करते, पण विशेषण होताना ते गळून पडते. ‘एन्त्रेगादा’ वाचणाऱ्याला ती दिली गेली की तिने दिले, हे कळण्याचा मार्ग नाही. क्रियापद वापरले असते तर प्रश्न मिटला असता. प्रघात विशेषणाचा होता.

तरीही मी हाच शब्द सुचवला. आजीचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणू शकत नाही. आत्याचे तर नाहीच. मात्र त्यापुढे ‘आ सुस एन्फेर्मोस’, तिच्या रुग्णांना, हे शब्द हवेत असे मी आग्रहाने लिहिले. देणारा कोण हे झाकलेले राहिले तरी घेणारे कोण होते, ते दगडाने सांगावे. काही आठवड्यांनी उत्तर आले : शब्द सर्वांना आवडला, पण दगड अरुंद आहे, ‘एन्त्रेगादा’ एवढेच ठेवले तर चालेल का? मी त्याच दिवशी कळवले, की चालणार नाही. अक्षरे लहान करावीत.