चाळीस दिवसांतली एक चूक

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे पुतणीने "काका, परिषदेत निबंध वाचायचाय, आधी तुम्ही ऐका," म्हणून मला खुर्चीत बसवले, तेव्हा मी बराच वेळ चष्माच पुसत राहिलो. ती व्यवस्थापनशास्त्राची विद्यार्थिनी. विषय मात्र घरचाच निघाला: मुंबईचे डबेवाले. आमच्या दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, तीस वर्षे डोक्यावर डबे वाहिले.

तिने सुरुवात मोठ्या ऐटीत केली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा उभा केला. २०१० साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. झाकणावरच्या चार खुणांत स्टेशन, इमारत, मजला सारे मावते. मग आले ते प्रसिद्ध वाक्य: १ कोटी ६० लाख फेऱ्यांत एक चूक!

मास्तरकीची खोड जात नाही. मी पेन्सिल उचलली. २०२० साली लोकल थांबल्या, त्यापूर्वी रोजचे डबे सुमारे २ लाख. जाऊन-येऊन ४ लाख फेऱ्या. म्हणजे अवघ्या मुंबईत चाळीस दिवसांत एक चूक.

"मोजलं कुणी?" मी विचारले.

ती गप्प झाली. पुढे दोन रात्री तिने जुने लेख धुंडाळले. १९९८ साली 'फोर्ब्ज'मध्ये डबेवाल्यांवर लेख आला, त्यानंतर असले आकडे तोंडोतोंडी झाले. पण रोजच्या चुका मांडलेली वही काही तिला सापडली नाही.

शेवटी दादालाच विचारायचे ठरले. दोघांनाही धीर होईना. हा आकडा त्याचा फार लाडका; आल्यागेल्याला चहाच्या आधी तो ऐकावा लागे.

"वही कसली?" दादा म्हणाला. "माझ्याच हातून सात-आठदा चुकलंय. एका माळकरी म्हाताऱ्याला बोंबलाचा डबा गेला होता. मीही माळकरीच! पदरच्या पैशानं त्याला दूध-केळी दिली, अन् डबा घेऊन पळालो." थोडा थांबून म्हणाला, "काढ तो आकडा, पोरी."

परिषदेत दादा टोपी घालून शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसला. प्रत्येकाला १५ मिनिटे. वडील याच धंद्यात होते, हे तिने आरंभीच सांगितले. आकड्याला आधार मिळाला नाही, हेही सांगितले. मग चूक निस्तरायला टोळीत जादा माणसे कशी हाताशी ठेवतात, ते मांडले.

"म्हणजे ही व्यवस्था अचूक नाही?" एका प्राध्यापकांनी विचारले.

"नाही, सर. चुकल्यावर माणूस उपाशी राहू नये म्हणून ती काय करते, ते मी पाहते आहे."

बाहेर चहा घेताना दादा बोलेना. लाडका आकडा गेल्याची हुरहूर असावी, असे मला वाटले. बशीतला शेवटचा घोट संपवून तो म्हणाला,

"पंधरा मिनिटं दिली होती ना? पोरीनं चौदात पोचवलं."