होडीची होडी

मुलांनो, किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभी असलेली शिडाची होडी तुम्ही पाहिली असेल, निदान चित्रात तरी. पण तिच्यातली माणसं किनाऱ्यावर येतात कशी? पोहत? मग पिण्याचं पाणी, कांदे-बटाटे, कोरडे कपडे कसे न्यायचे? त्यासाठी मोठ्या होडीला एक पिल्लू लागतं. त्याला म्हणतात डिंगी. गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजीनेच आपल्या हिंदी-बंगालीतून उचलला, बरं का!

माझ्या मामेभावाकडे २० फुटी शिडाची होडी आहे. दादा, वहिनी आणि त्यांची दहा वर्षांची लेक सुट्टीत तिच्यातून दाभोळ, जयगड असं किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडतात. आत तिघं कशीबशी झोपतात. त्यांना डिंगी घ्यायची होती आणि त्यावरून घरात आठ दिवस वाद चालला होता. मी पडले शाळेतली बाई! पण मोजमाप आमच्याच खात्यातलं, म्हणून मलाही बोलावलं.

डिंगी मागे दोरीने बांधून ओढत न्यावी, तर मोठी होडी मंदावते. मागून लाट आली की पिल्लू धावत येऊन आईलाच धडक देतं! वर ठेवावी तर डोलकाठीपुढे जागा जेमतेम पाच फूट.

दादाचं मन हवा भरायच्या रबरी डिंगीवर बसलं होतं. ती पिशवीत मावते, सहसा उलटत नाही. वाईट नाहीच ती. पण वहिनी किनाऱ्यावरच वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या खडकांवरची कालवं पायाला कापतात, ती या रबराला सोडतील होय?"

मला मात्र दुसरीच काळजी होती. भूगोलात तुम्ही खारे वारे शिकलात ना? दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतो. म्हणजे किनाऱ्यावर जाताना वारा पाठीशी, अगदी सोपं. परतताना तोच वारा तोंडावर! हवेची डिंगी हलकी आणि फुगीर, वल्ही मारा की तुम्ही मागेच. खाडीत तर उलटाही धोका असतो. ओहोटी लागली आणि वल्हं मोडलं, तर पाणी तुम्हाला थेट समुद्रात घेऊन जातं. अंतर शंभर मीटरांचं, म्हणून माणसं बेफिकीर राहतात. जीवरक्षक जाकीट मोठ्या होडीतच ठेवून उतरतात!

म्हणून मी एकच प्रश्न विचारला, "दादा, तुझा हात दुखावला, तर भरदुपारी तुला बसवून होडीपर्यंत कोण वल्हवत नेईल?" सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं.

मग प्लायवूडची, चपट्या तळाची, थोटक्या नाकाची डिंगी ठरली. नाक थोटकं का? टोकदार केलं, तर लांबी तेवढीच राहून पुढची जागा वाया जाते. मुलांसाठीची 'ऑप्टिमिस्ट' ही शिडाची होडी अशीच असते. अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी ती १९४७ साली आखली. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन ३५ किलो. आमची तिच्याहून लहान, ७ फुटी, ३० किलोची. आणि ती दोन तुकड्यांची! पुढचा तुकडा मागच्यात बसतो, परातीत ताट ठेवावं तसा. चार बोल्ट लावले की झाली एक.

आता गणित. तळ १.८ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद. एक सेंटिमीटर बुडाली की साधारण १६ लीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे १६ किलो पेलते. तिघांचं वजन १४५, डिंगीचं ३०, एकूण १७५. भागाकार करा. जेमतेम ११ सेंटिमीटर! कडा ३५ सेंटिमीटर उंच. संथ पाण्यात पुरे. पण लाटा असल्या तर तिघांनी एकदम बसायचं नाही, दोन खेपा करायच्या, हे वहिनींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

डिंगी आली त्याच दिवशी, दुपारी तीन वाजता, जाकीट घालून लेक वल्ह्यांवर बसली. समोर दादा हातावर हात ठेवून. अर्ध्या वाटेवर ती तोंडाने हिसके देत होती, पण डिंगी पुढेच सरकत होती. होडीच्या कडेला हात लावून ती ओरडली, "आत्या, आता बाबांना इथंच ठेवून तुला न्यायला येते!"